कागदाला कागद जुळला पाहिजे : पुण्यात खासगी ट्रेनिंग सेंटरची नोंदणी आणि दप्तर

"ट्रेनिंग सेंटरचं लायसन्स कुठे मिळतं?" हा प्रश्न घेऊन माणूस बाहेर पडतो आणि आठवड्याभरात त्याला कळतं, की असा एक कागद आणि एक खिडकी नाहीच. टॅली, ब्यूटी पार्लर, शिवणकाम, सीएनसी, पेशंट केअर, काहीही शिकवायचं म्हटलं तरी चार-पाच खात्यांचे कागद गोळा करावे लागतात. कामगार खात्याच्या लेखी तुम्ही आस्थापना, जीएसटीवाल्यांच्या लेखी सेवा विकणारे, महापालिकेच्या लेखी जागेचा वापर बदलणारे आणि अग्निशमनच्या लेखी तीस माणसं बसवलेली एक खोली. तुम्ही शिकवता काय, हे विचारणारा सगळ्यांत शेवटी येतो.

ही सगळी फेरी मारून आणि नंतर तपासण्यांना तोंड देऊन एक गोष्ट पक्की कळली. तपासणीला येणारा माणूस कागद वाचत बसत नाही. तो दोन कागद शेजारी ठेवतो आणि ताडून बघतो. करारातलं क्षेत्रफळ आणि नकाशातलं क्षेत्रफळ, हजेरीतली तारीख आणि सुट्ट्यांची यादी, पावतीवरचं नाव आणि आधारवरचं नाव. एकेकटा कागद बरोबर असूनही फाइल परत येते ती यामुळे. म्हणून नोंदणीच्या पहिल्या दिवसापासून नाव, पत्ता आणि क्षेत्रफळ या तीन गोष्टींचं एकच रूप ठरवून भिंतीवर चिकटवावं. 'फ्लॅट नं. ४' एकीकडे आणि 'ऑफिस नं. ४' दुसरीकडे, एवढ्याशा फरकावर महिना जातो.

सुरुवात जागेपासून. भाड्याची जागा असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारक आहे, त्यामुळे नोटरीचा कागद पुढे करण्यात अर्थ नाही. एजंटकडे करार तयारच असतो, नाव-गाव बदललं की झालं. नेमकी त्यातच 'निवासी वापरासाठी' ही ओळ राहून जाते. ती 'व्यावसायिक प्रशिक्षण वर्गासाठी' अशी करून घ्या. ११ महिन्यांचा करार ही आपली सवय, पण संलग्नता, म्हणजे अभ्यासक्रम चालवायची मान्यता, देणारे निदान चालू बॅच संपेपर्यंत जागा तुमच्या ताब्यात आहे का ते बघतात. मालक तयार असेल तर ३६ महिन्यांचा करावा.

मग वीजबिल. पेठांमध्ये आणि जुन्या सोसायट्यांमध्ये हमखास दिसणारा प्रकार असा, की बिल वडिलांच्या नावावर, वडील हयात नाहीत आणि करारावर सही मुलाची. जीएसटीचा अर्ज इथे अडकतो. मालकाकडून महावितरणकडे नावबदल करून घेणं उत्तम. तोवर मुलाच्या नावाची मिळकतकराची पावती किंवा इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) आणि त्याचं संमतिपत्र जोडावं. बिलावर आणखी दोन गोष्टी बघा, दर निवासी आहे की वाणिज्य, आणि मंजूर भार किती. २० संगणक २०० वॅटने धरले तर ४ किलोवॅट झाले, वर दीड टनाचे दोन एसी म्हणजे आणखी साडेतीन. बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट असेल, तर पहिल्याच उन्हाळ्यात एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडत राहतो. आणि परीक्षेच्या दिवशी तो पडला तर परीक्षकाच्या अहवालात तशी नोंद जाते.

मिळकतकराचं पुण्यात एक वेगळं गणित आहे. मालकाने स्वतः राहतो म्हणून पीटी-३ फॉर्म भरून ४० टक्के सवलत घेतलेली असते आणि त्याच फ्लॅटच्या पत्त्यावर तुम्ही शॉप ॲक्ट, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, काढता. दोन्ही नोंदी सरकारी, दोन्ही ऑनलाइन आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध! सवलत जाते, बिगरनिवासी आकारणी लागते आणि ती कोणी भरायची यावरून मालकाशी वाजतं. करारातच हे लिहून ठेवलेलं बरं.

क्षेत्रफळ स्वतः टेप लावून मोजा, आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत. करारात ६०० चौरस फूट बिल्टअप लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात कार्पेट ४५० भरतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दर विद्यार्थ्यामागे किमान १ चौरस मीटर सांगितला आहे. म्हणजे ३० जणांना साधारण ३२३ चौरस फूट. पण ही नुसत्या बसण्याची जागा झाली. शिलाई मशीन, फेशियलचा बेड किंवा लेथ आली की हे माप कुठल्या कुठे जातं. प्रॅक्टिकलच्या खोलीचं माप त्या-त्या अभ्यासक्रमाच्या कागदातून घ्यावं.

शॉप ॲक्टला मुंबईकर गुमास्ता म्हणतात, आपल्याकडे शॉप ॲक्टच. २०१७ चा कायदा आला तेव्हा त्यात रेषा १० कामगारांवर होती. तेवढे किंवा जास्त असतील तर नोंदणी, कमी असतील तर फॉर्म 'एफ' मध्ये नुसती सूचना द्यायची आणि पोच घ्यायची. छोट्या सेंटरचं काम या पोचेवर भागतं. अर्जाबरोबर पाटीचा फोटो लागतो आणि पाटी मराठीत, देवनागरीत हवी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही कमी असले तरी हे लागू आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. पुष्कळ जण घाईत फ्लेक्स छापतात, त्यावर इंग्रजी नाव दोन फुटांचं आणि मराठी चार इंचांचं. असला फोटो परत येतो. जीएसटी घेणार असाल तर तो नंबरही पाटीवर लागतो, तेव्हा पाटी एकदाच आणि सगळं ठरल्यावर करावी. बाहेर मोठा बोर्ड लावायचा तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी वेगळी.

उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. तिचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा. व्यवसाय कराचं पीटीईसी सेंटर चालवणाऱ्याने स्वतःसाठी काढायचं, वर्षाला २५०० रुपये, ३० जूनच्या आत. पगारी माणसं असतील तर त्यांच्या पगारातून हा कर कापून भरण्यासाठी पीटीआरसीसुद्धा. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर माफ. १० कामगार झाले की ईएसआय (कामगार विमा) आणि लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखालची अंतर्गत समिती, २० झाले की पीएफ. समितीचा कागद करून फाइलला लावतात आणि सदस्यांनाच माहीत नसतं की आपण सदस्य आहोत. सभेचं इतिवृत्त मागितलं की हे उघडं पडतं.

जीएसटीवर जरा थांबायला हवं. सेवेसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांची. २५ हजार फी असलेले ८० विद्यार्थी झाले की तिथे पोचलात. खरी मेख अशी, की उलाढाल पॅननुसार मोजतात. त्याच पॅनवर मोबाइलचं दुकान असेल किंवा गाळ्याचं भाडं येत असेल तर तेही धरतात. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत अर्ज करायचा. खासगी प्रशिक्षणावर दर १८ टक्के. फी 'सगळं धरून' २३,६०० सांगितली असेल तर त्यातले २०,००० तुमचे आणि ३,६०० सरकारचे. हप्ता आगाऊ घेतला तर कर तो मिळाला त्या महिन्यात लागतो, शिकवून झाल्यावर नाही. मुलगा मध्येच सोडून गेला आणि पैसे परत केले तर क्रेडिट नोट काढा, नाहीतर परत केलेल्या पैशांवरचा कर खिशातून गेला. अर्जावर अधिकाऱ्याची शंका आली तर उत्तराला कामाचे ७ दिवस मिळतात. पोर्टल रोज उघडून बघायची सवय हवी, कारण मेल बहुतेक वेळा सीएच्या पत्त्यावर गेलेला असतो.

रोखीचं एक बंधन लोकांच्या लक्षात येत नाही. एकाच व्यवहारापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, आणि एका कोर्सची फी चार हप्त्यांत घेतली तरी व्यवहार एकच धरतात. २ लाख ४० हजारांचा कोर्स ६०-६० हजार रोख घेऊन पुरा केला तर दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो.

आगीचं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म 'बी' वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा असतो. व्यापारी इमारतीत तो सोसायटीकडे असतो, त्याची प्रत आपल्या फाइलला हवी. वाड्यातल्या वरच्या मजल्यावर, लाकडी जिन्याच्या टोकाला क्लास काढायचा विचार असेल तर तो सोडून द्या. भाडं कमी असतं, पण दुसरा बाहेर जायचा रस्ता तिथे निघत नाही. आग विझवायचं सिलिंडर लावताना त्याच्या दाबाच्या काट्याचा फोटो काढा, काटा हिरव्या पट्ट्यात आहे एवढं दिसलं पाहिजे, आणि सिलिंडरसमोर कपाट किंवा झेरॉक्स मशीन सरकवू नका.

आता शिकवण्याची मान्यता. स्वतःचं प्रमाणपत्र द्यायचं तर कोणाच्या संलग्नतेची गरज नाही, पण मग पत्रकावर 'शासनमान्य' हा शब्द येता कामा नये. शॉप ॲक्ट किंवा उद्यम म्हणजे शासनमान्यता नव्हे, तरी टिळक रोडपासून भोसरीपर्यंत अशी पत्रकं वाटली जातातच. एमएस-सीआयटीसाठी एमकेसीएलचं केंद्र घ्यावं लागतं. संगणक टायपिंगची सरकारी परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. राज्याचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाकडून येतात. राष्ट्रीय चौकटीतले अभ्यासक्रम एनसीव्हीईटी या केंद्रीय नियामकाने मान्य केलेल्या अवॉर्डिंग बॉडीमार्फत (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेमार्फत) चालतात आणि परीक्षा साधारणपणे वेगळी असेसमेंट एजन्सी घेते. राज्याच्या योजनांची चौकशी रास्ता पेठेतल्या जिल्हा कौशल्य विकास केंद्रात करता येते. सकाळी लवकर गेलेलं बरं.

अभ्यासक्रम निवडताना राष्ट्रीय नोंदवहीतला त्याचा कोड काढा आणि त्यापुढची मुदतीची तारीख बघा. तारीख बॅचच्या मध्यात संपत असेल तर त्या कोर्सच्या वाटेला जाऊ नका. यंत्रं आणि कच्च्या मालाची यादी त्या अभ्यासक्रमाच्या फाइलमध्येच असते. ती छापून एकेका ओळीवर टिक करत साहित्य घ्या आणि बिलावर यादीतलंच नाव घालायला सांगा. यादीत 'ओव्हरलॉक मशीन' आणि बिलावर 'शिलाई यंत्र (इतर)' असलं की मशीन समोर उभं असूनही कागदावर नसतं. शिक्षकाचं पदवी प्रमाणपत्र, नेमणूकपत्र आणि टीओटी (प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र एकत्र लावा. टीओटीला मुदत असते, आणि ती बॅच चालू असताना संपली की पुढचे तास कोणी घेतले हा प्रश्न येतोच.

नोंदणी इथे संपते आणि रोजचं दप्तर सुरू होतं. रजिस्टरं अप्पा बळवंत चौकात तयार मिळतात. पानांवर छापील नंबर असलेलीच घ्या, सुटी पानं लावलेल्या फाइलवर कोणी विश्वास ठेवत नाही. पहिल्या पानावर 'या रजिस्टरमध्ये एकूण अमुक पाने आहेत' असं लिहून सही-शिक्का मारायचा. व्हाइटनर दप्तराच्या टेबलावर ठेवूच नये. चुकलं तर एक आडवी रेघ, वर बरोबर मजकूर, बाजूला सही आणि तारीख. चुकलेलं वाचता आलं पाहिजे, म्हणजे लपवालपवीचा संशय येत नाही.

जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीचा, नंबर दर वर्षी १ पासून सुरू करू नका, तो चालूच राहिला पाहिजे. प्रवेश रद्द झाला तरी नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, शेऱ्यात कारण लिहायचं. सगळ्यांत जास्त त्रास देणारा रकाना नावाचा. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. प्रमाणपत्रावर नाव केवायसीतून येतं, म्हणजे आधारवरचं. ब्यूटी आणि शिवणकामाच्या बॅचमध्ये अर्ध्याअधिक बायका लग्न झालेल्या असतात. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, बँकेचं पासबुक कधी या नावाचं, कधी त्या. हे प्रवेशाच्या दिवशीच विचारायचं : "ताई, दहावीला नाव काय होतं?" विवाह नोंदणी प्रमाणपत्राची किंवा राजपत्रात छापलेल्या नावबदलाची प्रत तेव्हाच घ्या. परीक्षेच्या आठवड्यात राजपत्राची छपाई होत नसते. आणि 'प्रिया' की 'प्रीया', इंग्रजी स्पेलिंग काय, हे तिच्यासमोर स्क्रीन फिरवून वाचून घ्यावं. दोन मिनिटं जातात, पण पुढचे सहा महिने वाचतात.

आधारची झेरॉक्स घेताना पहिले आठ आकडे झाकलेली प्रत घ्या, आधारच्या साइटवरून तशी काढता येते. १८ वर्षांखालच्या मुलामुलींच्या अर्जावर पालकांची सही आणि माहिती वापरायची संमती हवी. जाहिरातीत फोटो छापायचा असेल तर त्यासाठी वेगळी लेखी संमती लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी दिलेल्या सूचनांनुसार ती निकाल लागल्यानंतर घ्यायची. प्रवेशाच्या अर्जातच बारीक अक्षरात घेऊन ठेवलेली सही चालत नाही.

हजेरीचं गणित बॅच सुरू करायच्या आधी मांडावं. ३९० तासांचा कोर्स रोज ४ तास म्हणजे ९८ दिवस. आठवड्याला सहा दिवस धरले तर सोळा आठवड्यांच्या थोडं वर. पीएमकेव्हीवाय (प्रधानमंत्री कौशल विकास योजना) सारख्या योजनेत परीक्षेला बसायला ७० टक्के हजेरी लागत आली आहे, म्हणजे ६९ दिवस. विद्यार्थ्याच्या हातात २९ दिवस आहेत हे त्याला पहिल्या दिवशी सांगू नका, पण स्वतः मोजत राहा. २० गैरहजेऱ्या झाल्या की घरी फोन करायचा आणि फोन केल्याची नोंदही ठेवायची.

सुट्ट्या पुण्याच्या धरा, नुसत्या कॅलेंडरच्या नको. पालख्या मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ-भवानी पेठेतलं सेंटर चालू शकत नाही. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्याच्या कडेच्या सेंटरमध्ये दुपारी २ ते ६ या वेळात २८ जणांची हजेरी दाखवली, तर पुण्याचा तपासनीस हसेल आणि मग आणखी वीस पानं उलटेल. असे दिवस आधीच सुट्टीत टाका आणि अवॉर्डिंग बॉडीला बॅच कॅलेंडर देताना ते त्यात दिसू द्या.

बायोमेट्रिक यंत्र सेकंडहँड घ्यायचा मोह होतो. जुन्या सुरक्षा-पातळीचे एल-० स्कॅनर बाद होत गेले, एल-१ लिहिलेलंच घ्या. धुणीभांडी, गवंडीकाम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा उमटत नाही. अंगठा न लागल्यास अनामिका लावून बघा, कोरडा हात ओल्या फडक्याने पुसा, चेहऱ्यावरून ओळखायची सोय असेल तर ती वापरा. तरीही नाही झालं तर कागदी हजेरीवर सही आणि शेऱ्यात वेळ आणि यंत्रावर आलेला एरर कोड. त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. इंटरनेट गेलं त्या दिवशीही हेच, आणि कंपनीला केलेल्या तक्रारीचा नंबर आवक-जावक रजिस्टरला चढवा. महिन्याच्या शेवटी बसून 'राहिलेल्या' सह्या घेतल्या की शाई एकसारखी दिसते. सराईत नजरेला ती दुरून कळते. तीस दिवसांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरक्या ओळीत करणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे.

डेडस्टॉकला (टिकाऊ सामानाच्या रजिस्टरला) दर यंत्रामागे एक ओळ : तारीख, बिल नंबर, पुरवठादार, नग, किंमत. आणि तोच नंबर ऑइल पेंटने यंत्रावर. स्टिकर तेलकट हाताने निघून जातो. मोडलेलं यंत्र रजिस्टरमधून खोडायचं नसतं. मोडल्याची नोंद, दुरुस्तीचा खर्च, मग निर्लेखनाची, म्हणजे बाद ठरवल्याची, सही अशी ती पायरी आहे. वापरून संपणाऱ्या मालाचं रजिस्टर वेगळं ठेवा, कारण बनवाबनवी तिथेच पकडली जाते. ब्यूटीच्या ३० जणींनी वॅक्सिंगचा सराव प्रत्येकी पाच वेळा केला आणि एका वेळेला ५० ग्रॅम मेण धरलं तरी साडेसात किलो होतं. बिल २ किलोचं असेल तर सराव झालाच नाही, नाहीतर मेण बिलाशिवाय आलं. दोन्हीची उत्तरं अवघडच.

तपासणीच्या दिवशी फायली मागितल्यावर शोधाशोध नको. बॅचवार एकच बॉक्स फाइल करा. वर कॅलेंडर, मग प्रवेशअर्ज रोल नंबरच्या क्रमाने, हजेरी, मालाचा खर्च, परीक्षा आणि शेवटी नोकरीचे पुरावे. नोकरीचा पुरावा म्हणून नेमणूकपत्राला फारशी किंमत नसते, पगार जमा झाल्याचा बँकेचा उतारा लागतो. कोर्स संपल्यावर मुलं फोन उचलत नाहीत, म्हणून घरच्यांचा नंबर प्रवेशालाच घ्या. तपासणाऱ्याने व्हिजिट बुकमध्ये लिहिलेला शेरा आवडला नाही तरी पान फाडू नका. त्याखाली पंधरा दिवसांत काय दुरुस्त केलं ते तारखेनिशी लिहायचं.

दप्तर किती वर्षं ठेवायचं? जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ चं विवरण ३१ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे ती फाइल ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हवी. जनरल रजिस्टर आणि प्रमाणपत्र वाटपाचं रजिस्टर कधीच टाकू नये; दहा वर्षांनी माणूस दुबईच्या व्हिसासाठी पडताळणी मागायला येतो. स्वाइप मशीनच्या पावत्या वर्षभरात पांढऱ्या पडतात, आल्या दिवशीच झेरॉक्स करून मूळ पावतीला टाचा. फायली खालच्या कप्प्यात ठेवू नका. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं सगळ्यांत आधी भिजलं. आणि मुदत संपलेली रद्दी देताना आधारच्या प्रती आधी वेगळ्या काढून बारीक फाडा, नाहीतर त्या भेळेच्या पुड्याला जातात.